मंडळीने गरजवंताला मदत करायची ती नेमकी कशी?

वाटेकरी (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत या वेळी एक प्रश्न निघाला आणि उत्तर न मिळताच सभा उठली. कोणी मदत मागायला आलं तर काय करायचं, हे आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहून काढायचं काम आम्हा काही जणांवर आलंय, म्हणून हा धागा.

सध्या काय होतं ते सांगतो. माणूस पाळकांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे जातो. पाळक स्वतःच्या खिशातून देतात नाहीतर खजिनदारांना फोन करतात. जो बोलका आहे, ज्याची चार घरांत ऊठबस आहे, त्याचं काम होतं. जो उपासनेनंतर दाराशी घुटमळून तसाच घरी जातो, त्याचं राहून जातं. नियत कुणाचीच वाईट नाही. तरी वर्षानुवर्षं त्याच त्याच घरांना मदत पोचते आणि काही घरांची अडचण आम्हाला कळते ती फार उशिरा.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. मदत पाळकांच्या हातून होऊ नये. मंडळीचा वेगळा गरजवंत निधी असावा, अर्पणातला ठरलेला हिस्सा दर महिन्याला आपोआप त्यात जावा, आणि मंडळीने निवडलेल्या दोघांनी घरी जाऊन, बसून, ऐकून घेऊन निर्णय करावा. पाळकांनी प्रार्थना करावी, भेटावं, पण पैशाची किल्ली त्यांच्याकडे नसावी.

ही काही माझी कल्पना नाही. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय काढून बघा. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही आणि वाटपाचं काम स्वतःकडे ओढूनही घेतलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली, त्यांच्यावर हात ठेवले आणि काम त्यांच्यावर सोपवलं.

दुसरा दाखला फ्रान्सचा. 1617 साली शातियों नावाच्या गावात व्हिन्सेंट डी पॉल हे धर्मगुरू होते. गावाबाहेरच्या एका घरात सगळीच माणसं आजारी पडली आहेत, असं त्यांना रविवारी मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, आधी समजलं. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तर रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची रीघ लागलेली. अख्खं गाव खाण्याचे जिन्नस घेऊन त्या घरी पोचलं होतं. एका दिवसात इतकं आलं की त्यातलं बरंच नासणार, आणि पुढच्या आठवड्यात ते घर पुन्हा उपाशी. व्हिन्सेंट यांनी लोकांच्या मायेला नावं ठेवली नाहीत. त्यांनी काही दिवसांतच गावातल्या बायकांना एकत्र केलं, पाळ्या लावून दिल्या, आणि मग नियम लिहून काढले. कुणी कोणत्या दिवशी जायचं, आजाऱ्याशी कसं बोलायचं, हिशेब कुणी ठेवायचा, सगळं.

आमच्या मंडळीत माया भरपूर आहे. पाळ्या लावलेल्या नाहीत. तुमच्याकडे काय पद्धत आहे? काय जमलं, काय फसलं?

जुना_सेवक

वाटेकरी, धागा काढलात ते बरं झालं. मी बरीच वर्षं मंडळीचा खजिनदार होतो, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय.

कृत्ये सहामध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा निसटते. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे. तक्रार होती ग्रीक बोलणाऱ्यांची, आणि वाटपाचं काम गेलं ते बहुधा त्यांच्यातल्याच माणसांकडे. आपल्याकडे मदत समितीत कोण असतं? ज्यांना कधी मदत मागावी लागली नाही ते. एक तरी माणूस असा असावा ज्याने स्वतः हात पसरलेला आहे. त्याला न सांगता कळतं की समोरचा अडीच वाक्यं बोलून का थांबला.

दुसरं, हिशेबाचं. यहूदीयातल्या गरिबांसाठी पौलाने अनेक मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात तो सांगतो की ही रक्कम नेताना त्याचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधूही आहे, कारण एवढ्या मोठ्या देणगीबद्दल कुणी बोट दाखवावं असं त्याला नको होतं. प्रेषित पौलाला साक्षीदार लागला, मग आपल्याला नको कसा?

धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या काळात जर्मनीच्या सॅक्सनीतल्या लाइस्निग गावाने 1523 मध्ये सार्वजनिक पेटी केली, तिला चार कुलपं होती. किल्ल्या चार वेगवेगळ्या गटांकडे: सरदार, नगरपालिका, नागरिक आणि शेतकरी. चौघं जमल्याशिवाय पेटी उघडतच नसे. आज पेटीच्या जागी बँकेचं खातं आहे, पण दोन सह्या हव्यातच. सह्या करणारे एकाच घरातले नकोत, हेही नियमात लिहा. लहान मंडळीत हे फार वेळा होतं.

सडेतोड

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

निधी ठेवा, दोन सह्या ठेवा, सगळं ठीक. पण निधी मर्यादित आहे. एका मंडळीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. तीच आजारी आई, तोच कागद. आमचेच वृद्ध सभासद औषधाला महाग आणि आम्ही कुणा अनोळखी माणसाला देऊन मोकळे.

शास्त्रात प्राधान्य सांगितलेलं आहे. गलतीकरांस पत्र, सहावा अध्याय: सर्वांचं बरं करा, विशेषतः विश्वासाने एका घराण्यातले झालेल्यांचं. तीमथ्याला पहिल्या पत्रात तर विधवांची यादीच आहे. साठ वर्षांच्या वरची, जिला कुणी नाही अशी. मुलं-नातवंडं असतील तर आधी त्यांनी बघावं, मंडळीवर भार टाकू नये, असं पौल सरळ म्हणतो. आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेलं तर सगळ्यांना पाठ आहे, ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये.

तुमच्या नियमात चौकशी नसेल तर निधी सहा महिने टिकणार नाही.

वाटेकरी

सडेतोड, राग कसला. हाच मुद्दा सभेतही आला होता.

चौकशी हवी, मान्य. म्हणूनच घरी जाणं सुचवलंय. घरी गेलं की पाच मिनिटांत बरंच दिसतं. आधी आपले सभासद हेही एका मर्यादेपर्यंत मान्य, कारण त्यांनी कुणाकडे जावं? पण गलतीकरांस पत्रातल्या त्या वचनाचा पहिला अर्धा भाग 'सर्वांचं' असा आहे, तो गाळून कसं चालेल? निधीचे दोन भाग करता येतील. एक सभासदांसाठी, दुसरा दारात येईल त्याच्यासाठी. दुसरा लहान असला तरी चालेल, पण तो असलाच पाहिजे आणि पहिल्या भागासाठी वळवता येऊ नये.

सम्राट जुलियनचं 362 सालचं एक पत्र आहे. तो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, जुन्या देवांची पूजा पुन्हा सुरू करायला निघाला होता. गलतियातल्या आपल्या मुख्य पुरोहिताला तो चिडून लिहितो की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना आपल्याकडून काहीच मिळत नाही. मंडळी फक्त सभासदांपुरतं बघत असती, तर हे पत्र लिहायची पाळी त्याच्यावर आली नसती.

थेस्सलनीकेबद्दल: त्याच अध्यायात पौल स्वतः रात्रंदिवस कष्ट करून राहिल्याचं सांगतो. ज्याला काम मिळत नाही, ज्याचं शरीर साथ देत नाही, त्याच्यावर ते वचन फेकून मारणं मला पटत नाही.

ओंजळ

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण यावर लिहायलाच हवं.

मी मदत घेतलेली आहे. यजमानांना मोठं आजारपण आलं, त्यांची नोकरी गेली, मुलं शाळेत होती. दोन मंडळ्यांकडून मदत झाली. दोन्हींचं सांगते.

पहिल्या ठिकाणी रविवारी उपासनेच्या शेवटी, निवेदनांमध्ये आमचं नाव घेतलं. मला पुढे बोलावलं. लिफाफा दिला, फोटो काढला. फोटो नीट आला नाही म्हणून लिफाफा परत हातात घेऊन पुन्हा दिला. माझी मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती. तिच्या वर्गातली दोन मुलं त्याच उपासनेला होती. लिफाफ्यातल्या पैशांनी महिना निघाला, त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण मुलगी पुढे रविवारची शाळा चुकवायला लागली आणि मी तिला बळजबरी केली नाही.

दुसऱ्या ठिकाणहून एक वयस्कर बाई आल्या, सोबत एक तरुण मुलगी. आल्या आल्या पैशाचं बोलल्या नाहीत. यजमानांशी बोलल्या, मग मला म्हणाल्या, "कागद असतील ना हॉस्पिटलचे? आणा बघू." मी पिशवीच दिली. त्यांनी सगळी बिलं जमिनीवर तारखेप्रमाणे मांडली, चश्मा लावून एकेक ओळ वाचली. एक तपासणी दोनदा लावलेली होती ती त्यांना सापडली. त्या तरुण मुलीने बिलिंगच्या खिडकीवर जाऊन ती कमी करून आणली. शाळेची फी त्यांनी परस्पर भरली, पावती माझ्या नावाची. मुलांना आजही माहीत नाही.

रक्कम पहिल्या मंडळीने जास्त दिली होती. माझी मैत्रीण विचारते, कुठल्या मंडळीत जातेस? मी दुसऱ्या मंडळीत जाते.

पाऊलखुणा

ओंजळताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, कर्ज देणाऱ्यासाठी एक नियम आहे. गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. इतकं बारीक सांगितलंय. पैसे दिले म्हणून त्याच्या उंबऱ्याच्या आत तुझा हक्क नाही. आणि आपण त्याला व्यासपीठावर बोलावतो!

फोटोबद्दल: 1994 साली रेड क्रॉस आणि मोठ्या मदत संस्थांनी मिळून आपत्तीतल्या मदतकार्याची आचारसंहिता तयार केली. दहा तत्त्वं आहेत. शेवटचं असं की माहिती देताना, प्रसिद्धी करताना, जाहिरात करताना आपत्तीग्रस्तांना केविलवाणी वस्तू म्हणून न दाखवता स्वाभिमान असलेली माणसं म्हणून दाखवावं. त्या संहितेमागे कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होत्या. म्हणजे आपल्याच मोठ्या संस्थांनी तीस वर्षांपूर्वी हे मान्य केलंय. स्थानिक मंडळीपर्यंत ते पोचलं नाही, एवढंच.

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी हे काम करते. ती 1833 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. वादसभेत त्याला कुणीतरी विचारलं होतं की तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? मग ही मुलं सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे गेली, त्यांनी गरीब कुटुंबं दाखवून दिली, कसं जायचं, कसं वागायचं ते शिकवलं. आमच्याकडे आजही दोघांनी मिळून घरी जायचं हीच पद्धत आहे. दोघं असले की एकटा माणूस मनमानी करत नाही, आणि घरात एकटी बाई असेल तर तिलाही अवघडल्यासारखं होत नाही.

सडेतोड

ओंजळताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. असं कुणाच्याही बाबतीत होऊ नये.

पण देणाऱ्यांची बाजूही आहे. पैसे कुठे गेले ते दिसलं नाही तर लोक देत नाहीत. फोटो नको म्हणता, मग त्यांना दाखवायचं काय?

जुना_सेवक

आकडे दाखवा. या तिमाहीत किती घरांना मदत झाली, त्यात औषधपाण्याला किती, शिक्षणाला किती, भाड्याला किती, शिल्लक काय. नावं एकाही कागदावर नकोत. नावांची वही वेगळी, ती दोघा भेट देणाऱ्यांकडे आणि हिशेब तपासनिसाला फक्त पावत्या जुळवायला. आम्ही असंच करायचो आणि अर्पण कमी झालं नाही. लोक विश्वासावर देतात, तो नीट ठेवलेल्या वहीने टिकतो.

तिऱ्हाईत

मी ख्रिस्ती नाही, धागा आवडला म्हणून विचारतो. प्रश्न बोचरा वाटला तर सोडून द्या. मदतीच्या मागे धर्मात ओढण्याचा हेतू असतो, असं बाहेर बोललं जातं. तुमच्या नियमात याबद्दल काय असणार आहे?

वाटेकरी

सोडून कशाला देऊ? हा प्रश्न आम्हीच स्वतःला विचारायला हवा.

नियमात असं असणार आहे: मदत घेणाऱ्याला उपासनेला यायला सांगायचं नाही, हजेरी बघायची नाही, मदतीच्या भेटीत पत्रकं वाटायची नाहीत. प्रार्थना करू का असं विचारता येईल, पण मदतीचा निर्णय सांगून झाल्यावरच. आधी विचारलं तर समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

मी माझ्या विश्वासाबद्दल गप्प राहणारा माणूस नाही. येशू प्रभू आहे हे मी कुणालाही आनंदाने सांगेन. पण भुकेल्या माणसाच्या हो म्हणण्याला काय अर्थ आहे? लूकच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात, दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. प्रभूने विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? पण त्या नवांचं आरोग्य काढून घेतलं नाही.

पाऊलखुणांनी सांगितलेल्या संहितेतही हे आहेच, मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करायचा नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या 2005 च्या पहिल्याच विश्वपत्रातही (सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रात) हेच आहे, की प्रेमाचं काम दुसरं काही साधण्यासाठी करायचं नसतं, ते धर्मांतराचं साधन होऊ शकत नाही.

तिऱ्हाईत

स्पष्ट उत्तराबद्दल आभार.

रुग्णसोबती

मी समाजसेवक म्हणून रुग्णालयात काम करते. मंडळ्या, देवस्थानं, ट्रस्ट सगळ्यांशी रोजचा संबंध. माझ्या अनुभवातलं थोडं सांगते.

रोख द्यावी की वस्तू, यावर मंडळ्या फार वेळ घालवतात. माझं सरळ म्हणणं आहे, माणसाला विचारा. घरात धान्य आहे पण भाडं थकलंय, अशा बाईला तुम्ही धान्याची पिशवी देता तेव्हा ती पिशवी विकून भाडं भरते, आणि तुम्ही म्हणता बघा, विकली. व्यसन असेल तिथे रोख देऊ नका, परस्पर बिल भरा. बाकी ठिकाणी रोख देण्यात काही वाईट नाही.

कर्जात बुडालेल्या माणसाला एकरकमी पैसे देऊन फारसं काही होत नाही. आधी कुणाचं किती, व्याज काय, ते एका कागदावर उतरवायला मदत करा. सावकार दारात असतो तोवर माणसाला विचार सुचत नाही. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी 1746 मध्ये लंडनमध्ये लहान बिनव्याजी कर्जाचा निधी काढला होता, तीन महिन्यांत फेडायचं. धंद्याला लागणारं छोटं भांडवल त्यातून मिळायचं. तुमच्या मंडळीत असं काही करता येईल. पण कर्ज देणारे आणि मदत देणारे वेगळे ठेवा, नाहीतर वसुली आणि सांत्वन एकाच तोंडून होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही गोष्टी मंडळीने स्वतः निस्तरायला जाऊ नयेत. मार खाऊन आलेल्या बाईला "प्रार्थना कर, नवरा सुधारेल, घर मोडू नकोस" असं सांगून परत पाठवलेलं मी पाहिलंय. एकदा नाही. त्यातल्या काही बायका पुढे आमच्याच वॉर्डात आल्या. अशा वेळी मंडळीचं काम एकच, तिला त्या रात्री सुरक्षित जागा देणं आणि सकाळी वकील, पोलीस, समुपदेशक यांच्यापर्यंत सोबत जाणं. समेट घडवायला बसू नका. मुलांवरच्या अत्याचाराच्या बाबतीत तर मंडळीची अंतर्गत चौकशी वगैरे काही नाही, थेट कायदा. मानसिक आजाराला औषधं चालू असतील तर ती बंद करायला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही, पाळकांनाही.

येशूने सांगितलेल्या गोष्टीत रस्त्यात जखमी पडलेल्या माणसासाठी चांगल्या शोमरोन्याने काय केलं बघा. जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन नाणी दिली आणि सांगितलं की जास्त लागलं तर परत येताना देईन. पुढची सेवा त्याने उतारशाळेच्या मालकावर सोपवली आणि खर्चाची हमी घेतली. मंडळीला हे जमण्यासारखं आहे.

ओंजळ

रुग्णसोबती, समेटाबद्दल लिहिलंत ते फलकावर लावायला हवं.

कष्टाची_भाकर

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही.

मंडळीच्या आवारात झाडलोट कोण करतं? राखणदाराला पगार किती? पाळकांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना आजारपणाची रजा आहे का? मंडळी शाळा चालवत असेल तर तिथल्या शिपायाला, कंत्राटी शिक्षिकेला वेळेवर पगार मिळतो का? मी अशी मंडळी पाहिली आहे जिथे नाताळात गरिबांना कपडे वाटतात आणि त्या रांगेत मंडळीचाच राखणदार उभा असतो. त्याला नीट पगार दिला असता तर तो रांगेत आला नसता.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सगळे वाचतात, उघड्यानागड्याला "सुखी राहा" म्हणून पाठवू नका तो. पाचवा फारसा वाचत नाहीत. शेतात कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी गेलंय, असं तिथे लिहिलंय. आमोस संदेष्टाही गरिबांना तुडवणाऱ्यांना असंच सुनावतो.

दुसरं, चर्च सगळं करेल, सरकारची गरज नाही, या भ्रमात राहू नका. ग्लासगोत थॉमस चामर्स यांनी 1819 पासून सेंट जॉन्स पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, हेच करून पाहिलं. पॅरिशचे पंचवीस भाग केले, प्रत्येकाला एक डीकन (मंडळीचा सेवक), सरकारी मदत बंद, सगळं शेजाऱ्यांच्या आणि मंडळीच्या बळावर. माणसामाणसांतली ओळख वाढली, ती त्यांची मोठी कमाई. पण मोठ्या शहरातली बेकारी, रोगराई त्याला पेलणार नव्हती. विल्यम अ‍ॅलिसन नावाचे डॉक्टर ताप आणि दारिद्र्य यांचा संबंध दाखवून देत राहिले आणि पुरेशा सरकारी मदतीसाठी झगडले. 1845 मध्ये स्कॉटलंडला नवा गरीब कायदा करावा लागला. ब्रिटनमध्ये चर्चांच्या आधाराने अन्नपेढ्या चालवणारी ट्रसेल ही संस्था आज म्हणते की आमचं उद्दिष्ट अन्नपेढ्यांची गरजच उरू नये हे आहे. मला ते पटतं.

पाऊलखुणा

कष्टाची_भाकर, राखणदाराचं वाचून थांबलो. आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये हा प्रश्न या महिन्यात मांडतो.

एकच भर. मंडळीकडे माहिती असते, तिचा उपयोग करावा. शंभर घरांपैकी कुणाचं पेन्शन अडकलंय, कुणाला दाखला मिळत नाही, कोणती योजना कुणाला लागू होते, हे आपल्याला कळतं. आमच्याकडे निवृत्त झालेले एक सरकारी कर्मचारी रविवारी मिस्सानंतर टेबल टाकून बसतात आणि लोकांचे अर्ज भरून देतात. खर्च फक्त झेरॉक्सचा. काही घरांना यातून जे मिळालं ते आमच्या निधीने कधीच जमलं नसतं.

सडेतोड

आमच्याकडे अर्ज भरून देणारा माणूस आहे, त्याला कुणी कधी बसवलंच नाही. हे मी नक्की करणार.

वाटेकरी, एक शेवटचं. महिन्याच्या वीस तारखेला निधी संपला आणि एकवीस तारखेला कुणी आलं, तर? आणि मंडळीच्या इमारत निधीत भरपूर पैसे पडून असतील, तर?

वाटेकरी

सगळ्यांचे आभार. मसुदा बराच बदललाय.

भेट देणाऱ्या दोघांत एक जण स्वतः कधीतरी अडचणीतून गेलेला असावा, हे घेतलं. नावांची वही आणि हिशेबाची वही वेगळी, हेही. व्यासपीठावरून नाव नाही, फोटो नाही. हिंसाचार, अत्याचार, मानसिक आजार, व्यसन यांसाठी मंडळीने स्वतः काही ठरवायचं नाही, कुणाकडे न्यायचं त्या माणसांची आणि संस्थांची यादी आधीच तयार ठेवायची, दर सहा महिन्यांनी फोन करून ती तपासायची. मंडळीच्या नोकरांचे पगार आधी बघायचे, त्याशिवाय गरजवंत निधीचं उद्घाटन करायचं नाही. हा मुद्दा मी सभेत स्वतः मांडणार आहे आणि त्यावर खळखळ होणार याची मला कल्पना आहे.

सडेतोड, निधी संपला तर त्याच दिवशी खरं सांगायचं. "बघू, कळवतो" म्हणायचं नाही. त्या उत्तरावर माणूस आठ-आठ दिवस काढतो आणि तेवढ्यात दुसरीकडे जाण्याची वेळ निघून जाते. जवळच्या दुसऱ्या मंडळीला आपण फोन करायचा, त्याला चिठ्ठी देऊन फिरवायचं नाही. तुम्ही म्हणता तशी एकाच कागदावर फिरणारी माणसंही यातून लक्षात येतील, कारण मंडळ्या एकमेकींशी बोलायला लागतील.

इमारत निधीचं म्हणाल तर मिलानचे बिशप अ‍ॅम्ब्रोज यांनी चौथ्या शतकात युद्धातल्या कैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची सोन्याचांदीची पात्रं वितळवली. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा त्यांनी लेखी उत्तर दिलं की चर्चकडे सोनं आहे ते साठवायला नाही, गरजेला खर्च करायला आहे. आम्ही एवढं धाडस आज करू असं वाटत नाही. पण मसुद्यात एक कलम टाकलंय: जीव, छप्पर किंवा मुलाचं शिक्षण यांपैकी काही त्याच आठवड्यात जाणार असेल, तर इमारत निधीतून उसनवार रक्कम काढता येईल, तीन सह्यांनी, आणि पुढच्या महिन्यांच्या अर्पणातून ती भरून काढायची. सभेत हे कलम पडलं तर पुढच्या सभेत पुन्हा मांडू.

जुना_सेवक

तीन सह्यांतला एक इमारत समितीचा ठेवा, म्हणजे कलम पडणार नाही. आणि उसनवार किती महिन्यांत फेडायची तो आकडा आत्ताच लिहून टाका. मोकळं सोडलंत तर पहिल्याच वेळी त्यावरून भांडण होईल.

वाटेकरी

सहा महिने लिहितो. इमारत समितीच्या सचिवांना उद्या भेटून येतो.